डिटकोचा स्पायडरमॅन घ्यायचाय: ओम्निबस, एपिक की छोटा संच?

लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको या जोडीचा स्पायडरमॅन तसा आटोपशीर आहे. ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकातली अकरा पानांची पहिली गोष्ट, मग मार्च १९६३ ते जुलै १९६६ या काळातले ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चे ३८ अंक आणि दोन वार्षिकांक, एवढाच हा ऐवज. पण तोच मजकूर आज इतक्या वेगवेगळ्या नावांनी आणि आकारांनी विकला जातो की, नवा वाचक एकच गोष्ट दोनदा विकत घेऊन बसतो. म्हणून मुखपृष्ठावर भुलू नका. मलपृष्ठावर किंवा आतल्या पहिल्या पानावर कोणते अंक घेतलेत ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ती ओळ आधी वाचा.

मुख्य सामना तिघांचा आहे. ओम्निबसच्या पहिल्या खंडात हा सगळा ऐवज एकाच हार्डकव्हरमध्ये मिळतो. एपिक कलेक्शनमध्ये त्याची दोन पेपरबॅक होतात: ‘ग्रेट पॉवर’मध्ये अंक १ ते १७ आणि पहिला वार्षिकांक, ‘ग्रेट रिस्पॉन्सिबिलिटी’मध्ये १८ ते ३८ आणि दुसरा. मायटी मार्व्हल मास्टरवर्क्स या २०२१ पासूनच्या छोट्या आकाराच्या मालिकेत त्याचीच चार पुस्तकं झाली आहेत.

बहुतेक जण किमतीपासून सुरुवात करतात, म्हणून ती आधी उरकू. छोट्या पुस्तकाची छापील किंमत १५.९९ डॉलर, म्हणजे चार मिळून ६४ डॉलरच्या आसपास. ओम्निबस १०० डॉलर किंवा त्याहून वर. एपिकची जोडी या दोहोंच्या मध्ये बसते. आपल्याकडे मिळताना आयातदार आणि सवलत यांवर आकडा खालीवर होतो, पण क्रम सहसा हाच राहतो.

खरा फरक मात्र आकाराचा आहे. एपिकचं पान मूळ मासिकाच्या मापाचं, साधारण पावणेसात बाय दहा इंच. ओम्निबसचं त्याहून थोडं मोठं, सव्वासात बाय अकराच्या आसपास. छोट्या पुस्तकाचं सहा बाय नऊ. म्हणजे छोट्या पुस्तकात चित्र आणि अक्षर दोन्ही मूळच्या नऊ-दशांश होतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण स्टॅन लीचे संवादांचे फुगे शब्दांनी खच्चून भरलेले असतात आणि डिटको एका पानावर सात-सात, नऊ-नऊ चौकटी मांडतो. चाळिशीचा चष्मा लागलेल्याने रात्री दिव्याखाली हे पुस्तक वाचायला घेऊ नये. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र ते हातात नीट मावतं, दप्तरात जातं आणि कोपरा दुमडला तरी कोणाचा जीव जळत नाही. मराठी माध्यमातल्या मुलाला साठच्या दशकातली न्यूयॉर्कची बोली अडेल, तेव्हा पहिले दोन-तीन अंक शेजारी बसून वाचावे लागतील.

आकाराचा परिणाम कुठे दिसतो ते बघायचं तर ३३ वा अंक उघडा. पाण्याखालच्या अड्ड्यात स्पायडरमॅन लोखंडी यंत्राखाली अडकलाय. त्याला वाढवणाऱ्या मेकाकूचा जीव वाचवणारं औषध समोरच पडलंय, हात पोचत नाही, छतातून पाणी गळतंय. डिटको सुरुवातीला चौकटी अरुंद ठेवतो, श्वास कोंडल्यासारख्या. मग यंत्र बोटभर हलतं तसतशा चौकटी मोठ्या होत जातात आणि शेवटी ते उचलण्याचा क्षण अख्ख्या पानावर येतो. हे पान ओम्निबसमध्ये अंगावर येतं, एपिकमध्ये मूळ मासिकात दिसलं असतं तेवढंच दिसतं, छोट्या पुस्तकात फक्त कळतं.

मग ओम्निबसच का घेऊ नये? कारण तो तीन किलोच्या आसपास भरतो आणि पानं हजाराच्या वर आहेत. झोपून वाचता येत नाही, लोकलमध्ये तर प्रश्नच नाही. टेबल किंवा मांडीवर उशी हवीच. त्याच्या बाजूने सांगायचं तर बांधणी शिवलेली आहे. फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, दोऱ्याने शिवलेले असल्याने मधलं पान सपाट पडतं, आणि वाचकांची पत्रं, मूळ रेखाटनं असा जादा मजकूरही मिळतो. पण नवा ओम्निबस एकदम मधोमध उघडला तर पाठीचा डिंक तडकतो. पुस्तक पाठीवर उभं धरा, दोन्ही पुठ्ठे टेबलावर आडवे होऊ द्या. मग पुढून वीसेक पानं, मागून वीसेक पानं असं आळीपाळीने मधल्या शिवणीपर्यंत या आणि प्रत्येक वेळी आतल्या कडेवरून बोट हलकेच फिरवा. कपाटात उभा ठेवायचा तर दोन्ही बाजूंनी जाड पुस्तकांचा टेका द्या, नाहीतर पानांचा गठ्ठा खाली ओघळून पुठ्ठ्यापासून सुटू लागतो. टेका नसेल तर आडवा ठेवलेला बरा.

एपिकची पाठ डिंकाची. पाचशेच्या आसपास पानं असल्याने आतली कड थोडी गिळली जाते, पण डिटकोने दोन पानांवर पसरलेली चित्रं जवळपास काढलीच नाहीत, त्यामुळे नुकसान फारसं नाही. कोकणपट्टी, मुंबई, गोवा इथे पावसाळ्यात गुळगुळीत कागद ओल धरतो आणि पेपरबॅकचं मुखपृष्ठ बाहेर वळतं. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डांबराच्या गोळ्या पुस्तकांना चिकटवून ठेवू नका, वास कागदातून निघत नाही.

एपिकचा खरा दोष वेगळा आहे आणि तो पुरेसा बोलला जात नाही. १७, १८ आणि १९ हे तीन अंक मिळून एक सलग गोष्ट आहे. सतराव्यात मेकाकू आजारी पडल्याचं ऐकून स्पायडरमॅन ऐन लढाईतून पळ काढतो, अठराव्यात सगळं शहर त्याला भित्रा म्हणतं आणि एकोणिसाव्यात तो परत उभा राहतो. ‘ग्रेट पॉवर’ नेमकं सतराव्या अंकावर संपतं. एकच पुस्तक घेऊन ‘आवडलं तर पुढचं बघू’ म्हणणारा वाचक इथे अधांतरी राहतो. छोट्या संचाचं दुसरं पुस्तक अंक ११ ते १९ घेतं, म्हणजे तोडलंय अगदी योग्य जागी. इथे स्वस्त मालिका महागड्या मालिकेपेक्षा शहाणी निघाली.

रंगांबद्दल वाचकांत कायमचा वाद आहे. मूळ अंक पिवळट वृत्तपत्री कागदावर ठिपक्यांच्या रंगात छापलेले होते. तोच लाल आणि निळा आज पांढऱ्याशुभ्र कागदावर सपाट भरला की भडक दिसतो, आणि ट्यूबलाइटखाली पान चमकतं ते वेगळंच. ज्यांना डिटकोची शाईची रेघ बघायची असते ते १९९० च्या दशकातल्या जुन्या ‘इसेन्शियल’ खंडांची वाट धरतात: कृष्णधवल, साधा कागद, पहिल्या खंडात वीस अंक. चित्रकला शिकणाऱ्याने जरूर शोधावेत, पण आता ते नव्याने छापले जात नाहीत. जुन्या बाजारात घेताना पाठ वाकवून बघा, डिंक वाळलेला असेल तर पानं हातात येतात.

ऑनलाइन अभिप्राय वाचताना एक चाळणी लावा. एक-दोन तारे देणाऱ्यांपैकी कित्येकांची तक्रार कोपरे चेमटून आल्याची असते, मजकुराची नव्हे. शिवाय कागदी आणि किंडल आवृत्तीचे अभिप्राय एकाच पानावर मिसळलेले असतात. ‘अक्षर बारीक’ ही तक्रार कोणत्या आकाराबद्दल आहे ते तपासल्याशिवाय धरू नका. पार्सल आल्यावर पाठीचं वरचं-खालचं टोक आणि मधली शिवण त्याच दिवशी बघा, परतीची मुदत छोटी असते.

निवड सांगायची तर एकट्या प्रौढ वाचकाने एपिकची दोन्ही पुस्तकं एकत्र घ्यावीत. मुलासाठी छोट्या संचाची पहिली दोन. ओम्निबस त्याने घ्यावा ज्याने हे अंक आधी कुठेतरी वाचलेत आणि ज्याच्याकडे टेबल आहे. वर्गणीच्या ॲपवर हे सगळं वाचता येतं आणि चव घ्यायला ते ठीकच, पण वर्गणी थांबली की कपाट रिकामं.

आणि कोणताही संच घ्या, एक गोष्ट सुटलेलीच राहणार. १४ व्या अंकात आलेला ग्रीन गॉब्लिन मुखवट्याआड कोण, हे डिटको असेपर्यंत उघड होतच नाही. ते ३९ व्या अंकात कळतं, डिटकोनंतरचा चित्रकार जॉन रोमिटाच्या हातून. हा अंक एपिकच्या तिसऱ्या पुस्तकात, ‘स्पायडरमॅन नो मोअर’मध्ये आहे. एपिकची पुस्तकं अधूनमधून छपाईबाहेर जातात आणि मग दुप्पट भावाने मिळतात, तेव्हा दुसरं मागवताना तिसरं दिसलं तर तेही टोपलीत टाका.