घोस्ट इन द शेल: १९९५ चा बघावा की २.०?

घोस्ट इन द शेल हा जपानी ॲनिमेशन सिनेमा पहिल्यांदाच बघणारा माणूस हमखास इथे अडकतो, १९९५ चा मूळ सिनेमा लावू की २००८ ची २.० आवृत्ती? दोन्ही दिग्दर्शक मामोरू ओशीचेच, गोष्ट तीच, सीनसुद्धा जवळपास तेच, त्यामुळे वाटतं नवीच बघावी, चकाचक असेल. मी पण असाच विचार करून आधी २.० बघितला आणि मूळ सिनेमा कितीतरी नंतर, आणि तो क्रम चुकला याची हळहळ अजून जात नाही. २०१७ चा हॉलिवूडवाला मी या हिशेबात धरतच नाहीये.

मला खटकलं ते अगदी सुरुवातीला. मेजर कुसानागी, म्हणजे यांत्रिक शरीर असलेली नायिका, उंच इमारतीच्या गच्चीवर उभी आहे, खाली शहर पसरलंय, आता ती स्वतःला झोकून देणार. २.० मध्ये ही मेजर सीजीआयची, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली आहे, चेहरा गुळगुळीत, हालचाल जुन्या गेमच्या कटसीनसारखी. आणि थोड्या वेळाने तीच मेजर हाताने काढलेली समोर येते. दोन वेगळ्या बायकाच वाटतात. पुढे ती पाण्याखाली डायव्हिंग करते तिथे परत सीजीआय, बोटीवर आली की परत ड्रॉइंग, आणि दर वेळी डोळे अडखळतात. आता कुणी म्हणेल सायबॉर्गच आहे ना ती, कृत्रिम दिसली तर बिघडलं कुठे, आणि ते अगदीच चूक आहे असं नाही. पण मला वाटतं मूळ सिनेमाची ताकदच यात आहे की तिचं शरीर बनवलेलं आहे हे आपल्याला माहिती असतं आणि तरी ते जिवंत दिसतं, त्याला वजन असतं. शेवटाकडे ती रणगाड्याचं झाकण उपसायला जाते, पाठीचे स्नायू फुगतात, हात अक्षरशः फाटतात, पोटात गोळा येतो बघताना. हे शरीर नक्की कुणाचं, हा प्रश्न तिथे एका शब्दाशिवाय पोचतो. पहिल्याच शॉटला बाहुली दाखवली की उत्तर आधीच सांगून टाकल्यासारखं होतं.

रंगाचंही तसंच. मूळचा हिरवट रंग २.० मध्ये बऱ्याच ठिकाणी नारिंगी झालाय, २००४ च्या इनोसन्स या पुढच्या भागाशी जुळता. वाईट नाही दिसत, पण हाँगकाँगवरून बेतलेलं ते ओलं, कळकट, पाट्यांनी भरलेलं शहर मला हिरवटच हवं.

आवाजात मात्र २.० खरंच भारी आहे, मान्य. स्कायवॉकर साउंड स्टुडिओमध्ये सगळं नव्याने मिक्स केलंय, हेडफोन लावून संगीतकार केन्जी कवाईचा तो कोरस ऐकला तेव्हा मी सीन रिवाइंड करून परत ऐकला. जुन्या जपानीतलं लग्नाचं गाणं आहे ते, आणि लग्नाचंच का ते शेवटी कळतं, इथे सांगत नाही.

अजून एक मोठा बदल म्हणजे पपेट मास्टर, मेजर ज्याच्या मागावर असते तो हॅकर. मूळ जपानी ऑडिओत बाईच्या तुटक्या धडातून इएमासा कायुमीचा थंड पुरुषी आवाज येतो, अंगावर काटा येतो. २.० मध्ये तो आवाज योशिको साकाकिबाराने दिलाय, त्यामुळे शेवटचं बोलणं दोन बायकांचं होतं आणि त्याला वेगळाच अर्थ येतो. मला ते आवडलंय, पण मूळ आवाज कानात असेल तरच त्यातली मजा कळते.

त्यामुळे माझं म्हणणं, पहिल्यांदा बघत असाल तर १९९५ चाच, जपानी ऑडिओ आणि सबटायटल्स लावून. तो दोनदा झाला की मग २.० जरूर बघा, आवाजासाठी. आणि नावं सारखी असल्यामुळे घोळ होतो म्हणून पहिलं मिनिट नीट बघा, गच्चीवरची मेजर गुळगुळीत दिसली तर तिथेच थांबवा, दुसरी आवृत्ती लागलीये.