स्टुडिओची लाईट ‘प्युअर’ करून देतो म्हणला अन् ३६,५०० ला टोपी घालून गेला

परवा सेलूच्या एका पोराचा फोन आला, दादा ते तुमच्याकडं आलते ना लाईट प्युअर करून देणारे, म्हणजे विजेतली घाण काढून स्पीकरचा घूं घालवतो म्हणणारे, त्यांचं काम कसं हाय, मला पण कोटेशन दिलंय त्यांनी. मी म्हणलं थांब बाबा, एक रुपया देऊ नको, सगळं लिहूनच टाकतो. लाजेनं सात-आठ महिने गप बसलो होतो. घरात तर खरा आकडा अजून सांगितलेला नाही, बायकोला वाटतं वीस हजारच गेले.

मी गंगाखेडचा. जनाबाईचं गाव, त्यामुळं भजनी मंडळांना तोटा नाही. घराच्या वरच्या खोलीत छोटा स्टुडिओ केलाय, भिंतींना गोधड्या अन् जुन्या गाद्या, एक कंडेन्सर माईक, दोन इनपुटचं इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायचा डब्बा), दोन पॉवर्ड स्पीकर अन् लॅपटॉप. अभंग, गवळणी, एखादं हळदीचं गाणं असलं रेकॉर्ड करून देतो. सगळं बरं चाललं होतं, फक्त स्पीकरमधून सारखा एक घूंऽऽ आवाज यायचा. आपली लाईट २३० व्होल्टची अन् ५० हर्ट्झची, त्यामुळं हा हम ५० वर अन् त्याच्या पटीत १००, १५० असा बसतो. पेटीवर बघितलं तर ५० म्हणजे पांढरी पाचच्या सा च्या किंचित वर, पार खर्जाच्या खाली. म्हणजे पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या बायका आल्या की मागं कुणीतरी बेसूर तंबोरा धरून बसल्यासारखं वाटायचं, अन् एकदा का तो कानात बसला की मग दुसरं काही ऐकूच येत नाही. शिवाय लॅपटॉपच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या यायच्या. घर आजोबांच्या वेळचं, थ्री पिन सॉकेट नंतर बसवलेले, पण वरच्या मोठ्या भोकात वायरच नव्हती.

त्यात मागच्या उन्हाळ्यात परभणीला एका मंडप-साऊंडवाल्याच्या गोडाऊनवर हा माणूस भेटला. नाव लिहीत नाही, तसंही त्यानं सांगितलेलं नाव खरं असेल असं वाटत नाही. बोलायला एकदम गोड, दर दोन वाक्याला ‘भाऊ, तुम्ही कलाकार माणूस’. दोन दिवसांनी घरी आला, मोबाईल बोर्डाजवळ धरला, स्क्रीनवर लाल-हिरवी लाट नाचायला लागली, म्हणला बघा भाऊ किती घाण हाय तुमच्या लाईटीत, शेतातल्या मोटारी, पिठाची गिरणी, वेल्डिंग, सगळ्याचा कचरा तुमच्या माईकमधी यायलाय. आता वायर न लावता मोबाईल लाईट कशी मोजतो, वास घेतो का काय, हे त्या टायमाला डोक्यात आलं नाही. तो मोबाईलच्याच माईकचा ग्राफ होता, डोक्यावरच्या पंख्याचा आवाज दाखवत होता, हे लई नंतर कळलं.

पॅकेज असं: ‘स्टुडिओ ग्रेड’ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर एक केव्हीएचा २४,०००, केमिकल अर्थिंग ९,५००, अन् सॉकेटात खोचायचे दोन ‘नॉईज किलर’ डब्बे मिळून ३,०००. झाले ३६,५००. त्यातले २०,००० फोनवरून ॲडव्हान्स, बाकी काम झाल्यावर रोख. पक्कं बिल मागितलं तर म्हणला घ्या की, पण मग १८ टक्के जीएसटी लागंल, साडेसहा हजार वर जातील, तुम्ही बघा. मी बघितलं अन् बिल नको म्हणलं. तिथं माझीच लालच नडली, कुणाला काय दोष द्यायचा. जाता जाता त्यानं एक विचारलं होतं, घरात ईएलसीबी (करंट जमिनीत गळला की लाईट आपोआप पाडणारा स्विच) हाय का, मी नाही म्हणलं तर म्हणला मग तर लईच सोपं काम हाय. का सोपं ते पुढं येईल.

कामाच्या दिवशी त्यानं अंगणात खड्डा घेतला, पोत्यातून काळं-पांढरं काय काय ओतलं, वर पाणी सोडलं. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन, दहा मिनिटं अंगणात उभं राहवत नाही, म्हणून मी आत येऊन बसलो अन् खड्ड्यात नेमकं काय गेलं ते बघितलंच नाही.

मग तो वर आला, अन् आता हे नीट वाचा, खरी हातचलाखी इथं झाली. बोर्डावर तीन सॉकेट, तिन्ही भरलेले. म्हणला जागा नाही भाऊ, ही एक पिन काढतो जरा, अन् लॅपटॉपचा चार्जर काढून बाजूला ठेवला. तिथं स्वतःचा डब्बा खोचला, ट्रान्सफॉर्मरला स्पीकर जोडले, म्हणला करा आवाज फुल. मी केला. एकदम शांत! बारा वाजता दुपारी देवळाच्या गाभाऱ्यात असतं तसं. मी तर येडाच झालो, खाली जाऊन बायकोला वर घेऊन आलो ऐकायला, बघ म्हणलं काहीच ऐकू येईना. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता हे दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात नाही. मग त्यानं मीटर काढला, सॉकेटमध्ये न्यूट्रल अन् अर्थच्या मध्ये लावला, म्हणला बघा, झिरो व्होल्ट, असलं अर्थिंग मोठ्या हॉस्पिटलात पण भेटत नसतंय. राहिलेले १६,५०० मोजून दिले, वरून चहा पाजला.

तीन दिवसांनी महिला भजनी मंडळ आलं, आठ बायका, टाळ, पेटी. दुसऱ्या अभंगाला लॅपटॉपची बॅटरी दहा टक्क्यांवर आली, मी चार्जर लावला अन् घूंऽऽ. पहिल्यापेक्षा जाड. खाली फ्रिज सुरू झाला की अजून वाढायचा. फोन केला तर म्हणला भाऊ ट्रान्सफॉर्मर नवा हाय, सेट व्हायला पंधरा दिवस घेतो. पंधरा दिवसांनी म्हणला डीपीवरूनच घाण यायलीय, अजून एक डब्बा लागंल, १,५०० टाका. त्यानंतर फोन उचलणंच बंद.

शेवटी एका मित्राच्या सासऱ्यांना घेऊन आलो, आकाशवाणीच्या परभणी केंद्रातून टेक्निकल साईडनं रिटायर झालेले काका. आले, खुर्चीत बसले, डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं ऐकलं. म्हणले अरे हा एक आवाज नाही, दोन हायत. एक गुळगुळीत घूं अन् त्याच्यावर बसलेलं बारीक झर्रर्र. उठून पंख्याचा रेग्युलेटर फुल केला, झर्रर्र बंद. चार्जर उपटला, घूं बंद. दोन मिनिटं लागली अन् खर्च शून्य. मी तिथंच मटकन खाली बसलो.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पंख्याचा स्पीड कमी करताना लाईटीची लाट मधूनच कापतो, त्या कापाकापीचा झर्रर्र माईकच्या वायरीत शिरतो, फुल ठेवला की कापणंच नसतं. अन् चार्जरमधून बारीकसा करंट बॉडीकडं गळतच असतो, तो अर्थच्या वायरीनं जमिनीत जायला पाहिजे. अर्थ नसला की तो तुमच्या बोटातून (म्हणून त्या मुंग्या) नाहीतर यूएसबीच्या वायरीतून इंटरफेसमध्ये, अन् तिथून स्पीकरच्या केबलनं पुढं जातो. माझ्या केबली साध्या मोनो पिनच्या, त्यात वरची जाळीच सिग्नलची परतीची वाट असते, मग घाण अन् गाणं एकाच वाटेनं. बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नल दोन तारांवर उलटसुलट जातो, स्पीकर दोन्हीतला फरक तेवढा घेतो, दोन्हीवर सारखा बसलेला हम आपोआप कटतो. रेडिओवाले पहिल्यापासून हेच करत आलेत म्हणे.

मग मी ते ‘झिरो व्होल्ट’ सांगितलं. काकांचा चेहराच बदलला. मेन स्विच पाडला, मीटर बजरवर टाकला (दोन टोकं तारेनं जोडलेली असली की वाजतो), एक टोक न्यूट्रलच्या भोकात, एक अर्थच्या. पीऽऽप. सॉकेट खोलला तर आत वीतभर वायरचा तुकडा, न्यूट्रलमधून थेट अर्थच्या पिनला. म्हणजे एकच वायर दोन्हीकडं, झिरो नाही दाखवणार तर काय दाखवणार! खऱ्या अर्थिंगमध्ये लोड चालू असताना एखाद-दोन व्होल्ट तरी दिसतातच, काका म्हणले, एवढा स्वच्छ झिरो दिसला की आधी संशय घ्यायचा. अन् हम जाड का झाला तर अख्ख्या घराचा करंट ज्या न्यूट्रलमधून जातो तोच आता माझ्या इंटरफेसचा अर्थ झाला होता. अशी जोडणी कुठं खऱ्या जमिनीला टेकली की ईएलसीबी पडू शकते अन् लबाडी उघडी पडते, म्हणूनच त्यानं ते आधी विचारून घेतलं असणार.

पण पैशापेक्षा हे वाईट आहे. पावसाळ्यात खांबावरचा न्यूट्रल तुटणं आमच्याकडं काय नवं नाही. असा तुटला असता तर २३० व्होल्ट सरळ लॅपटॉपच्या पत्र्यावर, इंटरफेसवर अन् माईकच्या बॉडीवर. माईकला ओठ लावून गाणाऱ्या त्या आठ बायका. मला त्या रात्री झोप आली नाही, खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी बाकीचं खोललं. अंगणातला खड्डा उकरला तर दीड फुटाचा पाईपचा तुकडा, त्याला वायर नुसती गुंडाळलेली, अन् तीच वायर भिंतीवरून वर येऊन केसिंगच्या पट्टीत संपलेली, कशालाच जोडलेली नाही. ‘नॉईज किलर’मध्ये एक एलईडी अन् एक चिमुकला कपॅसिटर, बाजारात लाईट बिल वाचवायचे म्हणून विकतात तेच डब्बे, वरचं स्टीकर तेवढं वेगळं. ट्रान्सफॉर्मरला काकांनी खोलायच्या आधीच मीटर लावला, पिन काढलेली असताना इनपुटच्या न्यूट्रलपासून आउटपुटच्या न्यूट्रलपर्यंत, परत पीऽऽप. आयसोलेशन म्हणजे दोन गुंडाळ्या वेगवेगळ्या, इकडून तिकडं तार जातच नाही, तिथं बजर वाजायलाच नको. ही टेस्ट तीनशे रुपयाच्या मीटरवर होते, घ्यायच्या आधी दुकानदारासमोरच करा. झाकण काढलं तर आत जुन्या स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर अन् वजन भरावं म्हणून खाली चिकटवलेला शहाबादी फरशीचा तुकडा. मी तो डब्बा दोन मजले वर स्वतः उचलून नेला होता अन् म्हणलं होतं, काय जड हाय, शंभर टक्के तांबं असणार!

नंतर ओळखीच्या वायरमनकडून नीट करून घेतलं. आठ फुटी जीआय पाईप, कोळसा अन् मिठाचे थर, क्लॅम्प लावून तांब्याची वायर थेट बोर्डापर्यंत, टेस्टरनं मोजून, सगळे ४,८००. ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी (ईएलसीबीच्याच कामाची) १,९००. दोन बॅलन्स्ड केबली १,३००. आठ हजारात काम. रेग्युलेटर माळ्यावरचा जुना डब्बावाला बसवला. लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर सगळे एकाच पट्टीवर घेतले, आधी स्पीकर समोरच्या भिंतीतल्या बोर्डावर होते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते अन् पाईपला सोडून देते म्हणून खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाकायचं, ते काम आता पोराकडं दिलंय. अन् कुणी म्हणला की चार्जरची अर्थची पिन तोडा, हम जातो, तर हम एखाद्या वेळी जाईल पण बिघाड झाला की मुंग्यांच्या जागी शॉक बसेल, असल्या माणसाला चहा पण देऊ नका.

पैसे मिळाले नाहीत. बिल नाही, दुकान नाही, फोनवरून पाठवलेल्या २०,००० चा स्क्रीनशॉट तेवढा आहे, तो पण कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाच्या नावावर गेलेला.

हे लिहून होईपर्यंत सेलूच्या पोराचा परत फोन आला. तो माणूस आज सकाळी त्याच्याकडं आलता, डेमो दिला, चार्जर काढला, सगळं शांत. पोरगं म्हणलं आता चार्जर परत लावा की मामा, दुसऱ्या बोर्डावर लावा. तर म्हणे चार्जर कंपनीचा दिसत नाही, नवा घेऊन ठेवा, मी परवा येतो, अन् अर्धा चहा तसाच ठेवून गाडीला किक मारली. जिंतूरकडं गेला म्हणत होतं.