जुने बोल्ट, नव्याने बांधलेलं इंजिन: 11 महिन्यांनंतर

गाडी 2011 ची, इंजिन 1248 सीसीचं मल्टिजेट डिझेल. स्विफ्ट, व्हिस्टा, पुंटो, तिन्हींत होतं तेच. गेल्या वर्षी ते पूर्ण उतरवून बांधलं. तेव्हापासून 14,200 किलोमीटर पळालंय, आणि त्यातला बराचसा प्रवास आंबा घाटातून कोल्हापूर-रत्नागिरी असा. "बोल्ट जुनेच टाकले तर चालतात का?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सविस्तर लिहितो.

इंजिन उतरवायची वेळ बोल्टांमुळेच आली, असं माझं ठाम मत आहे. दीड वर्ष आधी एका गॅरेजमध्ये हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) बदललं होतं. गॅस्केट नवं, हेडला फेसिंग (तळ घासून सपाट) केलेलं, पण बोल्ट काढलेलेच परत लावले. मी विचारलं तर म्हणाले, लोखंड आहे, त्याला काय होतंय? सहा महिन्यांत कूलंट कमी व्हायला लागलं, मग सकाळी पांढरा धूर. शेवटी पाणी ऑइलमध्ये उतरलं आणि बेअरिंगा गेल्या.

लोखंडाला होतं काय, तर ते ताणतं. या इंजिनाचे हेड बोल्ट आधी 40 न्यूटन मीटरला (पिळाच्या जोराचं माप) आवळायचे, मग 90 अंश फिरवायचे, आणि परत 90 अंश. या अंशांच्या फिरवण्यात बोल्ट मुद्दाम इतका ताणला जातो की तो पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. त्या ताणावरच हेड दाबून बसतं. असा बोल्ट दुसऱ्यांदा आवळला की पाना पुढे सरकतो, पण हाताला जोर वाढल्याचं जाणवत नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलं ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मेस्त्रींच्या बाकावर. काचेवर दहा जुने हेड बोल्ट डोकं खाली करून उभे केले, शेजारी एक नवा. सात जुने नव्यापेक्षा उंच दिसत होते, एक तर मिलिमीटरभर. त्याच्यावर बोटांनी नट चढवला. पहिले आटे सरळ गेले, मग नट अडकून बसला. तिथले आटे ताणून एकमेकांपासून लांब गेले होते. व्हर्नियर लावला तर नेमका त्याच जागी बोल्ट बारीक. मेस्त्री म्हणाले, "ह्याची कंबर गेली बघा."

हेड बोल्ट सगळे नवे घेतले. कनेक्टिंग रॉडचेही (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) आठ नवे, तिथे मापं काढत बसलोच नाही. रॉडचा बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. फ्लायव्हीलचेही नवेच.

बाकी जवळपास सगळे जुने वापरले: संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी), टायमिंग कव्हर, वॉटर पंप, ब्रॅकेट. हे बोल्ट त्यांच्या हद्दीच्या बरेच आत आवळलेले असतात. डोक्यावर 8.8 लिहिलं असेल तर तुटायची ताकद 800 मेगापास्कल, आणि तिच्या 80 टक्क्यांपर्यंत ताणला तरी बोल्ट परत मूळ लांबीवर येतो. अट एकच: आटे स्वच्छ हवेत. पान्याला लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला लागतो, बाकीचा घर्षणात जातो. त्यामुळे गंजलेल्या बोल्टवर टॉर्क रेंच (जोर मोजणारा पाना) बरोबर आकडा दाखवते, पण दाब पुरेसा बसत नाही. दोन संध्याकाळी डिझेल आणि वायर ब्रश घेऊन एकेक बोल्ट घासला. कुठला बोल्ट कुठला हे चुकू नये म्हणून पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात खोचून ठेवले होते.

ब्लॉकच्या आट्यांत कापणारा टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालू नका, चांगले आटे खरवडून निघतात. शेंड्याचे आटे शाबूत असलेल्या एका बाद हेड बोल्टला आम्ही हॅकसॉने उभ्या खाचा पाडल्या आणि त्यानेच भोकं साफ केली, नंतर हवा मारली. बंद भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आत जाताना ते दाबलं जातं आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. ही पायरी घाईत राहून जाते, कृपा करून टाळू नका.

आता निकाल. कूलंटच्या टाकीवर मार्करने ओढलेली रेघ आणि पाणी अजून एकाच पातळीत आहेत. घाट चढून आल्यावरही तापमानाचा काटा मध्यावरच. संपला पाझर नाही. चुकलं ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर बाहेर नेणारा भाग). तिथले नट दिसायला बरे होते म्हणून जुनेच ठेवले. चौथ्या महिन्यात गाडी थंड असताना फटफट आवाज यायला लागला, पाहिलं तर दोन नट सैल. रोज तापून-निवून त्यांची पकड गेलेली. स्टडसकट (नट ज्यांवर बसतात ते आट्यांचे दांडे) सगळे बदलले, आवाज बंद. ही खरेदी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

15,000 ला ऑइल बदलताना संपचे बोल्ट पुन्हा पाहणार आहे. कंबर गेलेला तो बोल्ट मेस्त्रींनी मागून घेतला. नवीन पोरगा कामाला आला की तो बोल्ट आणि नट त्याच्या हातात देतात आणि चढव म्हणतात.