करोनाचे निर्बंध उठल्यानंतर एका खानावळीत: चार जेवणे, एक चौक आणि दाराशी लावलेली पाटी

२ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्यापासून जूनच्या अखेरीपर्यंत पुण्याच्या पेठेतील एका जुन्या वाड्यात चालणाऱ्या खानावळीत आम्ही उभयता चार वेळा जेवलो. या चार जेवणांवरून हे परीक्षण लिहीत आहे. खानावळीचे नाव दिलेले नाही, कारण मालकांनी तशी विनंती केली आहे. मास्क लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांचे रागाचे फोन त्यांना येऊन गेले आहेत आणि त्यात आणखी भर पडू नये, एवढीच त्यांची इच्छा आहे. जेवण कसे होते ते पुढे येईलच. पण आम्ही तिथे पुन्हा पुन्हा का गेलो, हे आधी सांगायला हवे.

राज्य मंत्रिमंडळाने ३१ मार्च २०२२ रोजी करोनाचे सर्व निर्बंध मागे घेण्याचा निर्णय घेतला आणि १ एप्रिलपासून मास्क ऐच्छिक झाला. पुण्यात मास्क नसल्यास होणारा ५०० रुपयांचा दंड गेला; उपाहारगृहांवरची ५० टक्क्यांची मर्यादा तर मार्चच्या सुरुवातीलाच गेली होती. लोकांना मोकळा श्वास मिळाला आणि तो त्यांचा हक्कच होता. मात्र तोवर जे निर्णय सरकार घेत होते, ते त्या दिवसापासून गल्ल्यावर बसलेल्या माणसाला घ्यावे लागू लागले. कुणाला कुठे बसवायचे, खिडकी उघडी ठेवायची की एसी लावायचा, वाढप्यांनी मास्क लावायचा की नाही, यांची उत्तरे आता कोणत्याही आदेशात नव्हती. म्हणून त्यानंतरच्या काळात एखाद्या खानावळीची पारख करताना ही उत्तरे तिने कशी शोधली, हेही पाहिले पाहिजे, असे मला वाटते.

आमच्या घरी हा प्रश्न तात्त्विक नाही. माझ्या पत्नीचे २०१८ साली मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून तिला रोज प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे घ्यावी लागतात आणि त्याच औषधांमुळे लशीचा परिणामही अशा रुग्णांमध्ये कमी होतो. तिचे वय तेव्हा साठच्या आत होते. जानेवारीत खबरदारीची मात्रा, म्हणजे लशीची तिसरी मात्रा, सुरू झाली तेव्हा ती आरोग्य कर्मचारी, आघाडीवर काम करणारे कर्मचारी आणि साठीपुढचे सहव्याधी असलेले नागरिक यांनाच मिळत होती. खासगी केंद्रांवर १८ वर्षांपुढील सर्वांना ती खुली झाली १० एप्रिलला. म्हणजे ज्या पाडव्याला सगळे शहर मोकळे झाले, त्या पाडव्याला तिच्यासारख्या रुग्णाला तिसरी मात्रा घेण्याची सोयही झालेली नव्हती. तरीही तिला बाहेर जेवायचे होते. दोन वर्षांत तिने घराबाहेर एकही ताट पाहिले नव्हते आणि तिची ही इच्छा मला अगदी रास्त वाटत होती.

या खानावळीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे तिचा चौक. रस्त्याकडून आत शिरल्यावर गल्ला लागतो, त्यामागे बारा टेबलांची मोठी खोली आहे, माडीवर वातानुकूलित दालन आहे आणि सर्वांत मागे, वर आभाळ असलेला वाड्याचा जुना चौक आहे. टाळेबंदीपूर्वी या चौकात भांडी घासली जात आणि रिकामी पिंपे ठेवली जात. ५ ऑक्टोबर २०२० रोजी उपाहारगृहे निम्म्या क्षमतेने उघडली, तेव्हा गेलेली टेबले भरून काढण्यासाठी मालकांनी चौक धुऊन काढला, भांडी घासण्याची जागा पाठीमागच्या बोळाकडे हलवली आणि तिथे सहा टेबले मांडली. निर्बंध उठल्यावरही त्यांनी ती तशीच ठेवली. हा निर्णय मला मोलाचा वाटतो.

मी हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजणारे एक छोटे यंत्र बाळगतो. माणसांच्या उच्छ्वासाने खोलीत हा वायू वाढतो. त्यामुळे त्याच्या आकड्यावरून आपण इतरांनी सोडलेली हवा कितपत आत घेत आहोत, याचा अंदाज येतो. उघड्यावर हा आकडा दशलक्ष भागांत सुमारे ४२० असतो. चौकात तो पहिल्या दिवशी ४५० होता, मोठ्या खोलीत खिडक्या उघड्या असताना ८०० च्या आसपास आणि माडीवरच्या एसी दालनात, जिथे त्या वेळी तीन कुटुंबे जेवत होती, १,९०० च्या पुढे. भिंतीवरचा एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हा विषाणू हवेतूनही पसरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने आणि अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये स्पष्टपणे मान्य केले. तरीही आपल्याकडे तेव्हा बहुतेक ठिकाणी दाराशी सॅनिटायझर ठेवला की काळजी संपत होती. माडीच्या दालनात बाहेरची हवा आणणारा पंखा बसवावा, असे मी मालकांना सुचवले. हे लिहीपर्यंत तो बसलेला नाही आणि ही त्या जागेची खरी उणीव आहे.

दाराशी एक पाटी आहे. तिचा मजकूर इथे तसाच देतो: ‘मास्क ऐच्छिक आहे. कुणी लावला असल्यास का लावला आणि नसल्यास का नाही, हे कृपया विचारू नये. आपण सांगितल्यास वाढपी मास्क लावून वाढतील.’ त्याच सुमारास दुसऱ्या एका उपाहारगृहात पत्नीच्या तोंडावरचा मास्क पाहून तिथला वाढपी मोठ्याने म्हणाला होता, ‘‘काकू, कोरोना गेला की आता!’’ शेजारच्या टेबलावरचे लोक हसले आणि आम्ही फक्त पाणी पिऊन उठलो. त्या मुलाच्या मनात वाईट नव्हते, हे मला कळते. पण ते हसू पाहून जी खाली मान घालून बसली, तिचे काय? पाटीतल्या त्या तीन वाक्यांनी आम्हाला जी सोय दिली, ती अंतराच्या पिवळ्या वर्तुळांनी कधी दिली नव्हती.

ही पाटी केवळ मास्क लावणाऱ्यांचा पक्ष घेते असे मात्र नाही. दुसऱ्या खेपेस एक वयस्कर गृहस्थ शेजारी खोकणाऱ्या तरुणावर संतापले आणि त्याला बाहेर काढा म्हणू लागले. मालक उठून आले. त्यांनी त्या गृहस्थांना चौकातले टेबल देऊ केले, तरुणाला कोमट पाणी आणून दिले आणि दोघांपैकी कुणालाही काहीही सुनावले नाही. तरुणाला धुळीची ॲलर्जी होती असे नंतर कळले, पण ती नसती तरी मालक असेच वागले असते, असा माझा समज आहे.

पाडव्याच्या दिवशी आमच्याबरोबर माझे थोरले बंधू आणि वहिनी होत्या. दादांनी मास्क फेब्रुवारीतच सोडला होता. ते आत शिरताच माडीकडे निघाले, मी चौकाकडे वळलो आणि पायरीशीच आमचे वाजले. ‘‘दोन वर्षं घरात बसलो, आता पुरे,’’ ते म्हणाले. मला त्यांचा राग आला, तो जेवण निम्मे होईपर्यंत टिकला. मग श्रीखंडाची दुसरी वाटी पुढे ओढत त्यांनी जे सांगितले ते मला आधीच समजायला हवे होते. त्यांचे शाळेसमोर वह्या-पुस्तकांचे दुकान होते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली ती जवळपास दोन वर्षे धडपणे उघडलीच नाही आणि दुकान गेले. त्यांना आजार झाला नाही, पण आजाराच्या भीतीने त्यांचे सर्व काही नेले. माझा जिवलग मित्र एप्रिल २०२१ मध्ये, प्राणवायूची खाट शोधता शोधता गेला. ज्याने जे गमावले, त्यावरून तो आज कशाला भितो हे ठरले आहे. दादा बेफिकीर आहेत किंवा मी भित्रा आहे, असा निवाडा करणे मला त्या दिवसापासून जमत नाही. चौकातले वारे अंगावर घेत ते शेवटी म्हणाले, ‘‘इथंच बरं आहे रे, वर घामट होतं.’’ आम्हा दोघांना एका टेबलावर बसता आले, कारण तिथे बसण्यासाठी कुणालाच आपले म्हणणे सोडावे लागले नाही.

करोनाकाळातील उरलेल्या गोष्टींपैकी काही या खानावळीने काढून टाकायला हव्या होत्या. कपाळावर धरायची तापमापक बंदूक तेव्हाही गल्ल्यावर होती. उन्हातून आलेल्या माणसाचे कपाळ तापलेले असते आणि लक्षणे नसलेला बाधित माणूस तिच्यातून सहज सुटतो, त्यामुळे तिचा उपयोग नाही. मोठ्या खोलीतील टेबलांमधले पारदर्शक पडदे तर हवा अडवतात. तेही काढावेत. मोबाइलने क्यूआर कोड टिपून उघडायची पदार्थांची यादी वयस्कर गिऱ्हाइकांना त्रासाची आहे. मागितल्यावर छापील यादी मिळते, पण ती मागावी लागू नये. वाढप्यांचे मास्क मात्र चांगल्या प्रतीचे, नाकावर घट्ट बसणारे होते आणि ते मालक स्वखर्चाने देत.

आता ताटाबद्दल. पाडव्याचे ताट ३२० रुपयांचे होते. श्रीखंड घरच्या चक्क्याचे, जायफळ बेताने घातलेले, गोडी नेमकी. बटाट्याची सुकी भाजी साधी आणि उत्तम. पुऱ्या मात्र दुसऱ्यांदा वाढताना गार झालेल्या होत्या, कारण स्वयंपाकघरापासून चौक लांब आहे. एरवीच्या दिवशी तेव्हा २२० रुपयांत दोन भाज्या, आमटी, कोशिंबीर, पोळ्या, भात आणि ताक मिळत असे. चिंच-गुळाची आमटी हे या जागेचे बलस्थान आहे. तिला गोडा मसाला जागच्या जागी भाजून-कुटून केल्याचा वास येतो आणि ती पातळ असूनही पाणचट लागत नाही. अळूच्या पातळ भाजीत शेंगदाणे व मुळ्याच्या फोडी व्यवस्थित शिजलेल्या होत्या. मटकीची उसळ दोन्ही वेळा जास्त शिजून गाळ झाली होती. पत्नीला मीठ कमी लागते. वाढप्याला एकदा सांगितल्यावर पुढच्या खेपेस त्याने न विचारता लोणचे आणि पापड बाजूला ठेवले.

आमची तिसरी खेप जूनच्या पहिल्या आठवड्यातली. २८ मे रोजी राज्यात ओमिक्रॉनच्या बीए.४ आणि बीए.५ या उपप्रकारांचे पहिले सात रुग्ण आढळले होते आणि ते पुण्याचेच होते. त्यानंतर राज्याच्या आरोग्य विभागाने जिल्हा प्रशासनांना पाठवलेल्या पत्रात गर्दीच्या बंदिस्त जागी मास्क लावावा असे आले. तो लावलाच पाहिजे असा अर्थ अनेकांनी घेतला आणि हे आवाहन आहे, सक्ती नव्हे, असा खुलासा तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांना करावा लागला. त्या दोन दिवसांत खानावळीतही गोंधळ होता. आम्हाला वाढणाऱ्या, मूळच्या सोलापूरकडच्या वाढप्याने शांतपणे सांगितले, ‘‘काका, मला दोनदा झाला. पहिल्यांदा गावी चाललो होतो, तेव्हा वेशीवर थांबवलं. त्यामुळं मला मास्कचा राग नाही, पण पत्राचा येतो.’’ त्याने मास्क लावलेला होता.

त्याच दिवशी पाऊस आला आणि चौकावर ताडपत्री ओढली गेली. चारही बाजूंनी ती खाली सोडल्यामुळे अर्ध्या तासात माझ्या यंत्राने १,१५० दाखवले. वाढप्याला आकडा दाखवला, तेव्हा त्याने वाऱ्याच्या उलट बाजूची ताडपत्री गुंडाळून वर बांधली आणि आकडा पुन्हा ६०० च्या खाली आला. पावसाळ्यात तिथे जाणाऱ्यांनी एवढे अवश्य मागून घ्यावे. कुणी नाही म्हणत नाही.

चौथे जेवण २३ जूनचे. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या. २०२२ मध्ये पालख्या पुन्हा पायी निघाल्या आणि त्या दिवशी ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत मुक्कामी होती. सकाळी नऊ वाजता मालकांचा फोन आला. ‘‘आज दुपारभर चौकात वारकऱ्यांच्या पंगती बसणार आहेत, ताईंना गर्दी नको. तुम्ही साडेतीनला या, तोवर चौक धुऊन रिकामा करून ठेवतो.’’ आम्ही पावणेचारला पोहोचलो. फरशी ओली होती, ताडपत्री वर बांधलेली होती आणि चौकात एकच टेबल मांडलेले होते. भाज्या संपल्या होत्या. पिठले, भाकरी, आमटी आणि भात एवढेच उरले होते, आणि पत्नीने मास्क काढून भाकरीचा पहिला तुकडा मोडला.