मातीत मळायचे रंग: पावसाळाभर वापरल्यानंतर (गुलाबी घेण्याआधी वाचा)

निळा, हिरवा, पिवळा, काळा यांच्याबद्दल तक्रार नाही. पांढऱ्या स्टोनवेअर मातीत (जास्त तापमानाला भाजायच्या मातीत) मळून 1220 अंशांवर भाजले तरी नेरिकोमीच्या, म्हणजे रंगीत मातीचे थर जोडून आणि कापून केलेल्या नक्षीच्या, पट्ट्यांच्या कडा स्वच्छ राहतात. सगळा राग गुलाबीवर आहे. भट्टीतून तो मळकट करडा निघाला.

विक्रेत्याने 'बॉडी स्टेन' (मातीत मळायचा रंग) सांगून दिलेली डबी क्रोम-टिनची, म्हणजे क्रोमियम आणि कथिलापासून बनणाऱ्या गुलाबीची, होती. हा गुलाबी टिकायला भोवती भरपूर कॅल्शियम लागतं. ते ग्लेझमध्ये (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात) मिळतं, पांढऱ्या मातीत जवळपास नसतंच. त्यात वरच्या पारदर्शक ग्लेझमध्ये जस्त असलं की उरलासुरला रंगही जातो. मातीसाठी मँगनीज-अॅल्युमिनाचाच गुलाबी हवा. विचारलं तर म्हणे, 'भट्टी जास्त तापली असेल', आणि फोडलेली डबी परत घेत नाहीत. एवढे पैसे मोजून घेतलेल्या डबीवर रंगाची जात छापायला काय जातं?

रंग महाग आहे म्हणून हिशेब नीट करा. टक्के कोरड्या मातीवर धरतात. 1 किलो ओल्या मातीत 22 टक्के पाणी धरलं तर कोरडी माती 780 ग्रॅम, म्हणजे 8 टक्क्यांना 62 ग्रॅम रंग पुरतो. ओल्या वजनावर 80 ग्रॅम टाकलेत तर 18 ग्रॅम फुकट गेले. पूड तशीच मातीत टाकली की ठिपके उठतात. आधी पाण्यात दह्याइतकी घट्ट कालवा, 80 नंबरच्या चाळणीतून गाळा, मग मळा. मास्क आणि हातमोजे हवेतच.

रंग मळलेली माती जादा पाणी निघावं म्हणून पीओपीच्या लादीवर ठेवतात, पण मुंबईच्या जुलैत ती लादी स्वतःच ओलसर असते, पाणी ओढत नाही. मग एक रंग मऊ, दुसरा कडक राहतो आणि वाळताना नेमका सांधा फाटतो. सगळे गोळे एका प्लास्टिकमध्ये रात्रभर गुंडाळून ठेवा, ओल सारखी झाली की थर रेघा मारून, स्लिप (पातळ कालवलेली माती) लावून जोडा. कापलेल्या चकत्या वर्तमानपत्रात दाबून सावकाश वाळवा. पंख्याखाली अजिबात नको, कडा वर उचलतात.

क्रोम-टिनची ती डबी फेकायचीच असं आधी ठरलं होतं, पण आता मत बदललंय. व्हायटिंग (कॅल्शियम देणारी खडूची पूड) भरपूर आणि जस्त अजिबात नसलेल्या ग्लेझमध्ये 5 टक्के घातला की तोच रंग सुरेख खुलतो. म्हणून रिव्ह्यूत रंगाला एक तारा वाढवला. विक्रेत्याचा तारा मात्र वाढवणार नाही.

नवी डबी आणलीत की आधी 2, 5 आणि 8 टक्क्यांच्या तीन चकत्या करा, अर्ध्या भागावर तुमचंच ग्लेझ लावा आणि तुमच्याच भट्टीत भाजून बघा.