बाबांच्या 2013च्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट : चार महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधी एकच सांगते, लॅपटॉप चालतोय. रोज चालतोय. सकाळचे पोहे झाले की बाबा तो उघडतात, मग मंडळाचा हिशोब, मेल, कीर्तनांचे व्हिडिओ, दुपारच्या जेवणापर्यंत बंद होत नाही. हाच लॅपटॉप दिवाळीनंतर आम्ही भंगारात घालणार होतो. लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी घालायची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यामुळे तो वाचला.

मशीन 2013चं आहे, तिसऱ्या जनरेशनचा आय3, 4 जीबी रॅम आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क. विंडोज 10 उघडेपर्यंत बाबांची अंघोळ होऊन जायची. त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, म्हणजे तो रस्ता बंदच. इथे इंदूरला राजवाड्याजवळच्या एका रिपेअरवाल्याने मागचं झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, "दीदी, इसमें अब कुछ नहीं रखा, नया ले लो," आणि चाळीस हजारांचं कोटेशन हातात दिलं. रामबागेत घरी पोचेपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. रिटायर झाल्यावर स्वतःच्या पैशांनी घेतलेला पहिला लॅपटॉप तो.

त्या रात्री शोधता शोधता एक यूट्यूब चॅनल सापडलं, अगदी छोटं, एक माणूस घरातल्या टेबलावर जुने लॅपटॉप उघडून हिंदीत शांतपणे समजावतो, पेनड्राइव्ह कसा बनवायचा, बूट मेनूला कुठलं बटन, चुकलं तर मागे कसं यायचं. व्ह्यूज जेमतेम काही शे असतील. मी कमेंटमध्ये मॉडेल लिहून विचारलं तर रात्री अकराला उत्तर आलं, आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका, मग मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घाला, सिनॅमन ही दुसरी नको, या रॅमला ती जड पडेल. ज्याने कधी आमचा चेहरा पाहिला नाही त्याने एवढा विचार करून उत्तर दिलं, ते मला फार लागलं मनाला.

मग सिल्व्हर मॉलमधून 256 जीबीची एसएसडी आणि 4 जीबीची वापरलेली रॅम आणली, दोन्ही मिळून 2,150 रुपये. खालचे दोन स्क्रू काढले, जुनी डिस्क सरकवून काढली, नवी बसवली, वीस मिनिटं. मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची फाइल) साधारण तीन जीबीची आहे, ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हवर घातली. आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच आख्खी सिस्टिम चालवून बघता येते, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, सगळं तपासून मगच डिस्कला हात लावायचा. आमचं वायफाय तिथेच दिसलं नाही. मी घाबरले होते, पण फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं, चालू केलं, इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने वायफायचा ड्रायव्हर स्वतःच शोधून दिला, रीस्टार्ट केलं की चालू.

आता अर्ध्या मिनिटात डेस्कटॉप समोर येतो. काहीच उघडलं नसताना एक जीबीच्या आतबाहेर रॅम घेतो. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खालीच पट्टी, त्यामुळे बाबांना नवीन काही शिकावं लागलं नाही. टाइमशिफ्ट नावाचं एक टूल आत येतंच, ते सिस्टिमचे स्नॅपशॉट ठेवतं, अपडेटने काही बिघडलं तर कालच्या अवस्थेत परत जाता येतं, ते पहिल्याच दिवशी लावून टाका. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

मराठीचं सांगते कारण ते कोणी नीट लिहीत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरी अक्षरांची ठरलेली मांडणी) जोडला की युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल असं, सरळ टाइप होतं, ल साठी एन आणि ळ साठी शिफ्ट-एन. बाबांनी पहिला शब्द टाइप केला "टिळक", आणि ळ पहिल्या झटक्यात आला तेव्हा मला हाक मारून दाखवला! जोडाक्षरं लिब्रेऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलसारखं फुकट ऑफिस) व्यवस्थित दिसतात. अडचण आली ती मंडळाच्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या फायलींची, त्या तेव्हाच्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये आहेत, इथे उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. आमच्याकडे जुना फॉन्ट होता, तो फॉन्ट फोल्डरमध्ये टाकल्यावर वाचता आल्या, पण एकेक फाइल युनिकोडमध्ये करून ठेवायचं काम बाबांचं अजून चालू आहे.

जे जमलं नाही तेही सांगते. आमचा जुना लेझर प्रिंटर दोन रविवार घालवूनही चालला नाही, आता पीडीएफ करून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेतो. टॅलीसारखे विंडोजचेच प्रोग्रॅम ज्यांना रोज लागतात किंवा डिजिटल सिग्नेचरचं डोंगल लागतं त्यांनी आधी पक्की चौकशी करावी, उगाच घाई करू नये. आणि ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब उघडले तर प्रोसेसर जुनाच आहे, तो दमतो.

माझी भाची सुट्टीत आली तर तिच्यासाठी क्रिटा टाकलं, चित्रं काढायचं, तेही फुकट. फ्रान्सचा डेव्हिड रेव्हॉय 2014 पासून आपली चित्रकथा लिनक्सवर क्रिटामध्येच काढतो आणि वाचायला तर फुकट देतोच, मूळ फायलीसुद्धा देतो, आणि त्याचं घर वाचकांनी स्वखुशीने दिलेल्या पैशांवर चालतं. भाची त्याच्या फायली उघडून एकेक लेयर बंद-चालू करून बघत बसली होती, रंग आधी कुठे लावलाय, रेघ नंतर कुठे आलीय. असं कोण उघडून दाखवतं हो?

मिंटचंही तसंच आहे, 2006 पासून क्लेमाँ लफेव्र आणि त्याची छोटी टीम हे बनवतेय, लायसन्सचे पैसे नाहीत, देणग्या आणि स्पॉन्सर यांच्यावर चालतं, आणि दर महिन्याला किती जणांनी किती दिले ते जाहीर करतात. मी बाबांना म्हटलं चाळीस हजार वाचले आपले, थोडी देणगी देऊ या. बाबा म्हणाले, "देणगी कसली गं, रोज वापरतो ना आपण? ही वर्गणी. गणपतीची देतो तशी." कार्डवर इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन आधी चालू करावं लागलं, वरून बँकेचे थोडे चार्जेस लागले, पण गेले पैसे. त्या यूट्यूबवाल्याचा क्यूआर कोड व्हिडिओच्या खालीच होता, त्याला 500 यूपीआयने लगेच पाठवले.

रात्री बाबांनी घरखर्चाच्या शीटमध्ये सगळं मांडलं. लॅपटॉप दुरुस्ती 2,150. मिंट वर्गणी. आणि 500 रुपयांपुढे त्यांनी लिहिलंय, "गुरुजींची फी".