बगॅसपासून इंधनपूरक: २-मिथाइलफ्युरान घ्यावं की एथिल लेव्ह्युलिनेट?

बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडापासून, इंधनात मिसळायचं रसायन बनवायचं असं ठरवलं, की एम.एस्सी. किंवा पीएच.डी.चा विषय शोधणाऱ्यापुढे ही दोन नावं हमखास येतात. बहुतेक जण आधी उत्प्रेरक (अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) निवडतात आणि मग त्याला शोभेल असं रसायन. माझं मत उलट आहे. तयार माल पेट्रोलमध्ये जाणार की डिझेलमध्ये, हे आधी ठरवा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

२-मिथाइलफ्युरान हे पेट्रोलचं. उत्कलनबिंदू ६४ अंश सेल्सिअसच्या आसपास, ऑक्टेन क्रमांक (इंजिनात ठोके न देता जळण्याचं माप) शंभराच्या वर. लिटरमागे ऊर्जा सुमारे २८ मेगाज्यूल, इथेनॉलची २१. शिवाय इथेनॉलसारखं ते पाणी ओढून घेत नाही. इंधन म्हणून मला हेच सरस वाटतं.

त्याचा रस्ता बगॅसमधल्या हेमिसेल्युलोजपासून, म्हणजे साखरांच्या साखळ्यांनी बनलेल्या एका घटकापासून, सुरू होतो. आम्लात तापवलं की त्यातल्या झायलोज या साखरेमधून पाण्याचे तीन रेणू निघून जातात आणि फरफ्युरल मिळतं. हा धंदा जुना आहे. अमेरिकेत क्वेकर ओट्सने १९२० च्या दशकात ओटच्या टरफलांपासून तो सुरू केला. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ला रोमाना इथे बगॅसपासूनच फरफ्युरल निघतं. उरलेला चोथा बॉयलरमध्ये जाळता येतो, आणि साखर कारखान्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. बगॅस काही फुकट पडलेलं नसतं, त्यावरच कारखान्याची वाफ आणि वीज चालते.

खरं काम पुढच्या पायरीत आहे. ९६ ग्रॅम फरफ्युरलला हिशोबाने ४ ग्रॅम हायड्रोजन लागतो आणि ८२ ग्रॅम मिथाइलफ्युरान मिळतं. इथे तांबं वापरतात, कारण ते फ्युरानचं कडं (रेणूतलं अणूंचं वलय) सहसा मोडत नाही. निकेल किंवा पॅलेडियम घेतलं तर ते कड्यातच हायड्रोजन भरायला लागतात. तापमान कमी पडलं तर गाडी अर्ध्या वाटेतल्या फरफ्युरिल अल्कोहोलवर अडते. तांब्यावर हळूहळू कार्बनचा थर चढतो. तो हवेत जाळून उत्प्रेरक पुन्हा हायड्रोजनखाली जागा, म्हणजे सक्रिय, करावा लागतो. कॉपर क्रोमाइट (तांबं आणि क्रोमियमचं संयुग) हा जुना, भरवशाचा उत्प्रेरक, पण त्यातल्या क्रोमियममुळे बनवताना आणि टाकून देताना विषारी कचऱ्याचा प्रश्न उभा राहतो. क्रोमियम नसलेला, पुन्हापुन्हा जागा होणारा तांब्याचा उत्प्रेरक हा म्हणूनच अजूनही चांगला विषय आहे. मात्र माल साठवताना हवेने पेरॉक्साइड तयार होतात, वाफ विषारी आहे आणि ती शून्याखालच्या तापमानालाही पेट घेते. हायड्रोजनची नीट व्यवस्था आणि चांगलं फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर खेचणारं कपाट) नसेल तर या वाटेला जाऊ नका.

एथिल लेव्ह्युलिनेट डिझेलचं. ते सेल्युलोजपासून मिळतं, म्हणजे बगॅसच्या सर्वांत मोठ्या भागापासून: सेल्युलोजमधल्या ग्लुकोजपासून आधी लेव्ह्युलिनिक आम्ल, आणि त्याची इथेनॉलशी अभिक्रिया करून एथिल लेव्ह्युलिनेट. वजनात ३३ टक्के ऑक्सिजन असल्याने काजळी कमी व्हायला मदत होते. पण त्याचा सीटेन क्रमांक (डिझेल इंजिनात चटकन पेटण्याचं माप) फारच खाली आहे, आणि भारतातल्या बीएस-६ मानकाच्या डिझेलला किमान ५१ लागतो. थंडीत ते डिझेलपासून वेगळंही होऊ शकतं. ते किती टक्के मिसळायचं, याचं उत्तर या दोन अडचणींमध्ये शोधावं लागतं.

शेवटच्या पायरीचा प्रयोग मात्र सोपा आहे. लेव्ह्युलिनिक आम्ल, जादा इथेनॉल, घन आम्ल उत्प्रेरक आणि साधं रिफ्लक्स (वाफ थंड करून परत भांड्यात सोडत उकळणं). सल्फ्युरिक आम्लानेही होतं, पण ते नंतर उदासीन करून मिठाचा गाळ काढत बसावं लागतं. अँबरलिस्ट-१५ या आम्लधर्मी रेझिनचे मणी गाळून परत वापरता येतात, फक्त १२० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका. झिओलाइट, म्हणजे सूक्ष्म छिद्रं असलेलं खनिजासारखं घन आम्ल, जास्त तापमान सोसतं. एच-झेडएसएम-५ या झिओलाइटवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही काम झालं आहे.

दोन चाचण्या वगळू नका. पहिली, उत्प्रेरकाशिवाय. लेव्ह्युलिनिक आम्ल स्वतःच आम्ल असल्याने अभिक्रिया थोडी आपोआप होते, आणि ते श्रेय चुकून उत्प्रेरकाला दिलं जातं. दुसरी, अर्ध्यात मणी गरम असतानाच गाळून काढायचे आणि द्रव तसाच तापवत ठेवायचा. अभिक्रिया उत्प्रेरकाशिवायच्या चाचणीपेक्षा जोरात पुढे सरकली, तर आम्ल मण्यांतून सुटून द्रवात आलं आहे.

खरी अडचण त्याआधीची, म्हणजे लेव्ह्युलिनिक आम्ल मिळवण्याची, आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ११६ ग्रॅम लेव्ह्युलिनिक आम्ल आणि ४६ ग्रॅम फॉर्मिक आम्ल मिळेल. प्रत्यक्षात बराच भाग ह्युमिन नावाच्या काळपट, चिवट रेझिनमध्ये जातो आणि नळ्या तुंबतात. बाटलीतलं शुद्ध आम्ल विकत आणून ९५ टक्के रूपांतर दाखवलं तर हा प्रश्न जागच्या जागीच राहतो.

तिसरा पर्याय सॉलकेटल या इंधनपूरकाचा, बायोडिझेल बनवताना निघणाऱ्या ग्लिसरॉलची अ‍ॅसिटोनशी अभिक्रिया करून. अभिक्रिया सौम्य आहे, पण लागणारं अ‍ॅसिटोन बहुतेक खनिज तेलातूनच येतं. जवळ बायोडिझेलचा कारखाना असेल तरच विचार करा.

हायड्रोजनची सोय असेल तर मी मिथाइलफ्युरानच सुचवेन. नसेल तर एथिल लेव्ह्युलिनेट घ्या, पण बगॅस आम्लात शिजवून मिळालेल्या तपकिरी द्रवातल्याच लेव्ह्युलिनिक आम्लापासून ते बनवा. त्यात पाणी, फॉर्मिक आम्ल आणि क्षार असतात. पाण्याने अभिक्रियेचा समतोल मागे सरकतो, क्षारांमुळे मण्यांची आम्लता जाते. पुन्हा वापराच्या पाचव्या फेरीला तुमचा उत्प्रेरक कितपत चालतो, हे या द्रवातच तपासा.